१६ बिट की २४ बिट? आजीच्या ओव्यांची फाईल आणि एक प्रश्न

गोदाकाठ (गंगाखेड)

नमस्कार मंडळी. दोन आठवडे झाले, एकाच गोष्टीने डोकं धरलंय, म्हणून धागा काढतोय. जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

माझी आजी जात्यावर दळताना ओव्या म्हणायची. गाव जनाबाईंचं, त्यामुळे विठ्ठल आणि जनी ओवीत आल्याशिवाय आमच्या घरी पीठ पडायचं नाही. २०११ च्या दिवाळीत मी मित्राचा हातातला रेकॉर्डर मागून आणला, पहाटे तिच्या नकळत ओट्यावर ठेवला आणि पांघरुणात शिरलो. पुढच्या उन्हाळ्यात आजी गेली. चाळीस मिनिटांची ती एकच फाईल आमच्याकडे आहे. वेव्ह फाईल, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ.

आवाज फाटू नये म्हणून मी लेव्हल फार खाली ठेवली होती. सगळ्यात चढा सूर उणे ३८ डेसिबलवर, म्हणजे फाईलमध्ये मावणाऱ्या कमाल आवाजाच्या ३८ डेसिबल खाली आहे. आता आवाज वर उचलला की आजीबरोबर खरखरही वर येते. शहरातल्या एका दुकानात ऐकवलं, तर त्यांनी सांगितलं की १६ बिटमध्ये घेतलं तिथंच चुकलं, २४ बिटमध्ये असतं तर एकदम स्वच्छ निघालं असतं. वर, नीट ऐकायला २४ बिटचा डॅक (फाईलमधल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारं यंत्र) लागेल म्हणाले. किंमत बावीस हजार.

तर मला खरंच जाणून घ्यायचंय. बिट वाढले की कानाला फरक कळतो का? आणि तेव्हा मी २४ बिटवर ठेवलं असतं, तर आजीचा आवाज वाचला असता का? दुसरा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही.

रानवारा (नांदेड)

दादा, आधी सांगतो, धागा वाचून माझ्या पणजीची आठवण आली.

पहिल्या प्रश्नाबद्दल माझा अनुभव: मी हॉस्टेलवर २४ बिटवाली गाणी ऐकतो, ब्लूटूथ इअरबड्सवर. मला तरी आवाज जास्त भरलेला वाटतो. फरक आहे असंच माझं मत.

बालाघाट (अंबाजोगाई)

गोदाकाठ, दोन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत, म्हणून मुळापासून लिहितो. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, त्यामुळे थोडं लांबेल.

डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये आवाजाची लाट सेकंदाला हजारो वेळा मोजली जाते. सीडीला ४४,१०० वेळा. किती वेळा मोजायचं तो सॅम्पल रेट, आणि प्रत्येक मोजणी किती बारीक मापाने करायची ती बिट डेप्थ. जोंधळे नुसत्या पायलीने मोजले तर वरचे चार पसे हिशेबातून निसटतात. शेर, मापटं, चिपटं हाताशी असलं की चूक लहान होत जाते. १६ बिटला ६५,५३६ पायऱ्या मिळतात, २४ बिटला १,६७,७७,२१६.

आता खरी गोम. मोजणीतली ही चूक कानाला 'जाडाभरडा आवाज' म्हणून ऐकू येत नाही. डिदर (तो काय ते खाली सांगतो) नीट वापरला असेल तर ती फक्त एक संथ सळसळ म्हणून मागे राहते. एक बिट वाढला की ही सळसळ साधारण ६ डेसिबलने खाली जाते, बाकी काहीही बदलत नाही. १६ बिटला ती सर्वांत मोठ्या आवाजाच्या ९६ डेसिबल खाली, २४ बिटला हिशेबाने १४४ डेसिबल खाली. हिशेबाने म्हणतोय, कारण चांगल्यातला चांगला डॅकसुद्धा सहसा २०-२१ बिटांच्या फार पलीकडे जात नाही. त्याच्या खाली सर्किटची स्वतःचीच सळसळ असते. उष्णतेने इलेक्ट्रॉन हलतात, ते कोणाला थांबवता येत नाही.

आणि हे ९६ डेसिबल आपल्या घरात मोजून बघा. रात्री शांत खोलीत ३० डेसिबल तरी असतात. पंखा सुरू असेल तर ४५ च्या पुढे. मे महिन्यात कूलर लावला की बोलणंसुद्धा मोठ्याने करावं लागतं. १६ बिटची सळसळ त्या शांत खोलीत नुसती ऐकू यायची असेल, तर सगळ्यात मोठा सूर १२५ डेसिबलच्या आसपास वाजवावा लागेल. तिथे कान दुखतात आणि कायमचे बिघडतात.

डिदरबद्दलही सांगतो, कारण सगळा खेळ त्याच्यावर आहे. सर्वांत लहान पायरीपेक्षाही बारीक आवाज असेल तर मोजणीत तो शून्यच धरला जातो, किंवा वेडावाकडा कापला जातो. म्हणून मोजण्याआधी त्यात अगदी थोडी सळसळ मुद्दाम मिसळतात. चाळणी नुसती धरून ठेवली तर पीठ अडून बसतं, हलवली की खाली उतरतं, तसंच. सळसळीच्या धक्क्याने तो बारीक आवाज कधी पायरी ओलांडतो, कधी नाही, आणि त्या सरासरीत टिकून राहतो. म्हणून नीट डिदर केलेल्या १६ बिटमध्ये शेवटच्या पायरीच्या खालचा सूरही ऐकू येऊ शकतो.

रानवारा, ब्लूटूथवर गाणं जाताना ते पुन्हा दाबलं जातं. बहुतेक इअरबड्सना फाईलमधले २४ बिट जसेच्या तसे पोचतच नाहीत. तुला जे भरलेलं वाटतंय ते खोटं नाही, पण त्याचं कारण दुसरं असणार. बहुधा ती आवृत्तीच वेगळी मास्टर केलेली, म्हणजे शेवटी तिचा आवाज वेगळ्या तऱ्हेने जुळवलेला असेल.

गोदाकाठ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी मला एक आकडा हवा आहे. दोन ओव्यांच्या मध्ये आजी श्वास घेते आणि जातंही थांबलेलं असतं, असा एखादा सेकंद शोधा. तिथली लेव्हल किती ते सांगा.

तानपुरा (छत्रपती संभाजीनगर)

बालाघाट सर, आदर ठेवून असहमत आहे. पंचवीस वर्षं गाणं शिकवतेय. तानपुरा छेडल्यावर जवारीतून जे स्वर सुटतात आणि विझतात, ते ऐकण्यातच माझं आयुष्य गेलंय. एका ज्येष्ठ गायकांची मैफल माझ्याकडे जुन्या सीडीवर आहे, आणि तीच आता २४ बिटमध्ये विकत घेतली. दोन्हींत तानपुऱ्याचा विझता नाद वेगळा आहे. २४ बिटमध्ये तो लांबवर जातो. हे मी कल्पनेने सांगत नाही. पंखा बंद करून, चांगल्या हेडफोनवर, अनेकदा ऐकलंय.

आकडे बरोबर असतील. पण आकड्यांना कान नसतात.

संबळ (तुळजापूर)

मी साऊंडवाला. गोंधळ, भारूड, कीर्तन, सगळे कार्यक्रम करतो. ऐकण्यातलं मला फार सांगता यायचं न्हाई, पण रेकॉर्डिंगमधी २४ बिटचा उपयोग रोज बघतो, ते सांगतो.

गोंधळात संबळ कधी उसळेल सांगता येत न्हाई. गोंधळी आधी हळू बोलतो, आईची आळवणी करतो, तवा लेव्हल तळाला. मग एकदम 'उदो उदो' आणि संबळाचा कडकडाट. पूर्वी १६ बिटवर काम करायचो तवा हात सतत फेडरवर, म्हंजे आवाज वरखाली करायच्या पट्टीवर. लेव्हल वर ठेवली की कडकडाटात आवाज फाटायचा, खाली ठेवली की बोलणं खरखरीत यायचं. आता २४ बिटवर सरासरी उणे १८ च्या आसपास धरतो आणि निवांत राहतो. वर १८ डेसिबल मोकळी जागा असती. नंतर उचललं तरी खालची सळसळ त्रास देत न्हाई. ३२ बिट फ्लोट (आकड्यासंगं त्याची पट्टीबी साठवणारी पद्धत) आलंय, त्यात तर नंतर लेव्हल कशीबी आणता येती. पण माईकच फाटला असंल तर तिथं कोणताच बिट कामाला येत न्हाई.

दादा, तुमचा रेकॉर्डर आज्जीपासून किती लांब होता?

गोदाकाठ (गंगाखेड)

संबळ भाऊ, जातं पडवीत होतं, ओटा तिथून साधारण आठ फूट.

बालाघाट सर, काल रात्री बसून शोधलं. सतराव्या मिनिटाला ती ओवी संपवते, जातं थांबवून वैरण घालते, बांगड्या वाजतात, आणि मग दीड-दोन सेकंद काहीच नाही. तिथली लेव्हल उणे ६७.

बालाघाट (अंबाजोगाई)

मग तुम्ही आज शांत झोपा.

डिदर धरून १६ बिटची स्वतःची सळसळ उणे ९३ च्या आसपास असते. तुमच्या फाईलमधली खरखर उणे ६७ वर, म्हणजे २६ डेसिबल वर. शक्तीच्या हिशेबात सांगायचं तर ऐकू येणाऱ्या खरखरीत १६ बिटचा वाटा जेमतेम चारशेवा भाग आहे. बाकी सगळी त्या रेकॉर्डरच्या माईकची, त्याच्या आतल्या अॅम्पची आणि पहाटेच्या पडवीची. तुम्ही २४ बिटवर ठेवलं असतं, तर हीच खरखर २४ बिटमध्ये अगदी बिनचूक मोजली गेली असती. आवाज तसाच निघाला असता.

आणखी एक सांगतो. ती खरखर शेवटच्या पायरीपेक्षा कितीतरी मोठी असल्याने तिनेच डिदरचं काम केलंय. त्यामुळे आजीचा सूर कुठेही पायऱ्यापायऱ्यांनी तुटलेला नाही. खरखरीच्या मागे तो अखंड आहे.

दुकानदाराने सांगितलं ते चूक आहे. डॅकबद्दलही चूक. उणे ६७ वर खरखर असलेली फाईल ऐकायला बावीस हजारांचा डॅक घेऊ नका.

संबळ (तुळजापूर)

सर बरोबर बोलले. आणि लेव्हल नुसती वाढवली असती तरी माईकची सळसळ संगं वाढली असती. उपयोग झाला असता तो अंतराचा. अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबलनं वाढतो. आठ फुटाचं दोन फूट केलं असतं तर १२ डेसिबल फुकटात मिळाले असते, आणि खरखर हाय तिथंच राहिली असती.

पण एक बोलतो दादा, राग मानू नका. दोन फुटावर ठेवला असता तर आज्जीनं बघितला असता, आणि मग तिनं अशा ओव्या म्हटल्या असत्या का? आमच्याकडं माईक समोर दिसला की म्हातारी माणसं गप होतात. तुम्ही तवा केलं ते बरोबर केलं.

बालाघाट (अंबाजोगाई)

तानपुरा ताई, तुमच्या कानावर माझा अविश्वास नाही. तुम्ही ऐकलेला फरक खरा असणार. तो बिटांमुळे आहे की आणखी कशामुळे, एवढंच तपासायचं आहे.

तुमच्याकडची २४ बिटची फाईल घ्या. तिचीच एक १६ बिटची प्रत तुमच्या संगणकावर स्वतः करा, डिदर चालू ठेवून. सॅम्पल रेट तोच ठेवा. आता या दोन फाईलींत बिटांखेरीज काही फरक उरला नाही. मग फूबार२००० या संगणकावरच्या प्लेअरमध्ये एबीएक्स ही चाचणी लावा. त्यात 'अ' आणि 'ब' कोणते ते माहीत असतं, 'क्ष' कोणता ते लपवलेलं असतं, तो ओळखायचा. १६ वेळा करा. घाई नको, मध्ये विश्रांती घ्या.

१६ वेळा नाणं उडवलं तर छापा-काट्याचे ६५,५३६ क्रम होतात, १६ बिटच्या पायऱ्या जितक्या तितकेच. त्यांतल्या फक्त २,५१७ क्रमांत १२ किंवा जास्त उत्तरं बरोबर येतात. शंभरात चारपेक्षाही कमी. म्हणून १२ किंवा जास्त आली तर मी माझं म्हणणं मागे घेईन.

सीडी आणि विकतची २४ बिट आवृत्ती यांची थेट तुलना मात्र करू नका. नव्या आवृत्तीत लेव्हल जरी अर्धा डेसिबल जास्त असली, तरी कानाला ती मोठी न वाटता 'चांगली' वाटते. हे प्रत्येकाच्या कानाचं आहे, तयार कानाचंही.

वेरूळ (खुलताबाद)

वाचतोय. चांगला चाललाय धागा.

अशी मोठी चाचणी झालेली आहे. बॉस्टनमध्ये मेयर आणि मोरन यांनी २००७ साली ती प्रसिद्ध केली. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या डिस्कचा आवाज एकदा थेट आणि एकदा मध्ये १६ बिट ४४.१ ची फेरी घालून ऐकवला. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. व्हॉल्यूम खूप वाढवून शांत जागा ऐकवली तेव्हा मात्र सळसळीतला फरक कळला. पुढे त्यावर आक्षेप आला की त्यातल्या काही डिस्क मुळातच जुन्या, कमी दर्जाच्या टेपवरून केलेल्या होत्या. तो आक्षेप मला रास्त वाटतो. मग २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी १८ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यात बरोबर उत्तरं ५० च्या किंचित वर, ५२ टक्क्यांच्या आसपास निघाली, आणि कान तयार केलेल्या ऐकणाऱ्यांची जास्त. पण त्यात सॅम्पल रेट आणि बिट दोन्ही मिसळलेले आहेत, त्यामुळे नुसत्या बिटांच्या बाजूने तो पुरावा लावता येत नाही.

आणखी एक. फिलिप्सच्या पहिल्या सीडी प्लेअरमध्ये १४ बिटचाच डॅक होता. चौपट ओव्हरसॅम्पलिंग (सॅम्पल रेट चौपट करणं) आणि नॉइज शेपिंग (सळसळ कानाला न ऐकू येणाऱ्या पट्टीत ढकलणं) करून त्यांनी तो जवळपास १६ बिटच्या तोडीला आणला. त्या प्लेअरच्या आवाजाची लोक आजही आठवण काढतात.

रानवारा (नांदेड)

सर, मी पण करून बघितलं, मित्राकडून वायरचा हेडफोन घेऊन. १६ पैकी ९. फरक आहे असं मी वर छातीठोकपणे लिहिलं होतं, ते मागे घेतो.

एक शंका: मग फोनमध्ये २४ बिट आउटपुट चालू ठेवायचा काहीच फायदा नाही का?

बालाघाट (अंबाजोगाई)

थोडा आहे. फोन किंवा संगणक व्हॉल्यूम कमी करतो तो बऱ्याचदा आकडेच लहान करून. तिथे खालचे बिट वापरात येतात, म्हणून डॅकपर्यंत २४ बिटची वाट असलेली बरी. एडिटिंग करतानाही तसंच. दहा वेळा आवाज खालीवर केला की प्रत्येक वेळी थोडी चूक साठते, म्हणून सॉफ्टवेअर आत ३२ बिट फ्लोटमध्येच काम करतं. सगळं संपल्यावर ऐकायची प्रत १६ बिटची केली तरी काही गमावत नाही.

तानपुरा (छत्रपती संभाजीनगर)

चार दिवस घेतले, कारण मला घाईने लिहायचं नव्हतं.

सरांनी सांगितलं तसंच केलं. रात्री दीडनंतर, रस्ता थांबल्यावर. तानपुऱ्याचा शेवटचा झंकार विझतो तेवढाच तुकडा घेतला. १६ पैकी ७. दुसऱ्या रात्री पुन्हा केलं, ८.

मग मी उलट्या बाजूने निघाले. त्याच तुकड्याच्या ८ बिट, १० बिट, १२ बिट अशा प्रती केल्या, डिदरसह आणि डिदरशिवाय. मला यातून खूप शिकायला मिळालं, म्हणून सविस्तर सांगते. डिदरशिवायच्या १० बिटमध्ये खर्ज विझताना आधी घोगरा होतो, मग त्यात तारेत नसलेली एक किरकिर येते, आणि नाद मधेच कोणी तारेवर बोट ठेवावं तसा तुटतो. डिदर घातलेल्या १० बिटमध्ये सळसळ भरपूर आहे, पण खर्ज तिच्यातून शेवटपर्यंत जातो. गंधारसुद्धा ऐकू येतो. सुरात घालमेल नाही. मी विद्यार्थिनींना दोन्ही ऐकवलं. दोन्हींत बिट तेवढेच आहेत यावर त्यांचा विश्वास बसेना.

१६ बिटवर फरक कळावा म्हणून व्हॉल्यूम पूर्ण वाढवून फक्त शेवटचे दोन सेकंद ऐकले. तेव्हा एक फार बारीक सळसळ आली. पण त्याच व्हॉल्यूमवर चुकून सुरुवातीचा षड्ज लागला आणि हेडफोन फेकावा लागला.

सीडी आणि नवी आवृत्ती यांच्यातला फरक आहेच. लेव्हल मोजली तर नवी जवळपास दोन डेसिबल मोठी निघाली, आणि तानपुरा मुळातच पुढे आणलेला आहे. ज्याने कोणी ते मास्टरिंग केलं त्याने तानपुऱ्यावर मनापासून काम केलंय. मी त्याचं श्रेय बिटांना देत होते. नवी आवृत्ती मी यापुढेही ऐकणार, पण १६ बिटची प्रत करून फोनमध्ये ठेवणार.

बालाघाट (अंबाजोगाई)

ताई, ८ ते १२ बिटच्या त्या प्रती मला वर्गात ऐकवायला मिळतील का? मी इतकी वर्षं हे फळ्यावर शिकवतोय.

तानपुरा (छत्रपती संभाजीनगर)

आजच पाठवते सर.

वेरूळ (खुलताबाद)

गोदाकाठ, आजींची फाईल आहे तशी तीन ठिकाणी ठेवा, एक प्रत घराबाहेर. खरखर काढायचं सॉफ्टवेअर वापरलं तरी मूळ फाईलला हात लावू नका. आणि जमलं तर ओव्यांचे शब्द लिहून काढा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या प्रकल्पात लाखावर ओव्या जमल्या. त्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी १९९६ साली गायलेल्या बाबासाहेबांच्या ओव्या आहेत, 'परी' (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. गोदावरीच्या याच पट्ट्यातला आवाज आहे, तुम्हाला ओळखीचा वाटेल.

गोदाकाठ (गंगाखेड)

धागा वर काढतोय.

डॅक घेतला नाही. मंगळवारी रात्री आमच्याकडे तीन तास वीज नव्हती. पंखा बंद, शेजारचा फ्रिज बंद, गल्लीत एक मोटारसायकल नाही. घरात इतकी शांतता कितीतरी दिवसांनी झाली. लॅपटॉपला थोडं चार्जिंग होतं. आईला बोलावलं, एक कान तिला दिला, एक मी घेतला. फाईल जशीच्या तशी लावली, काहीही न उचलता, फक्त व्हॉल्यूम वाढवून. खरखर होतीच. पण सर म्हणाले तसं तिच्यामागे सूर कुठेही तुटत नव्हता. सतराव्या मिनिटाला वैरण घालताना आजी स्वतःशीच काही पुटपुटते. मला इतक्या वर्षांत ते शब्द कळले नव्हते. आई पटकन म्हणाली, "अरे, ती पायल्या मोजतीय. लाभ, दोन, तीन. एक न म्हणता लाभ म्हणती बघ पहिल्याला." आई नंतर बराच वेळ बोलली नाही.

आता पुढचं. आजीची धाकटी बहीण शेजारच्या गावात आहे, ब्याऐंशी वर्षांची. तिला अजून ओव्या येतात. संबळ भाऊ, तुमच्या सांगण्याप्रमाणे २४ बिटचा रेकॉर्डर भाड्याने ठरवलाय, माईक दोन फुटांवर, पण सुपाच्या आड, तिला दिसणार नाही असा. तिला विचारलंय आणि ती तयार आहे, फक्त समोर काही नको म्हणाली. लेव्हल उणे १८. कोंबडे ओरडायच्या आधी, पहाटे चारला. घरातला पंखा आणि फ्रिज तेवढा वेळ बंद ठेवायचं कबूल करून घेतलंय.

कालच तिचा फोन आला होता. जातं वीस वर्षं कोपऱ्यात पडून आहे, पाळू गुळगुळीत झालीय, अशीच दळायला घेतली तर नुसतीच घसरेल, म्हणाली. शनिवारी जात्याला छिन्नीने टाकी लावणारा माणूस येतोय.